‘पॉझिटिव्ह’ अकरा मुले : गेल्या अंकातील एका ओळीचा खुलासा



गेल्या अंकात आरोग्य शिबिराचा वृत्तान्त आला होता. त्यात एक ओळ होती : ‘वसतिगृहातील अकरा मुले सिकलसेल पॉझिटिव्ह आढळली.’ ती माहिती मीच दिली होती. अंक घरोघरी पोहोचल्यानंतरच्या रविवारी उपासना संपली आणि फाटकातच मला चौघा-पाचजणांनी गाठले. एका आजींनी विचारले, “त्या अकरा लेकरांचं आता काय गं होणार?” एका बंधूंनी हळू आवाजात विचारले की, हा आजार बाकीच्या मुलांना लागणार नाही ना, त्यांची ताटे-वाट्या वेगळ्या ठेवल्यात ना. एका ताईंनी तर अकरा जणांच्या औषधांसाठी पाकीटच पुढे केले.

तिघांनाही कळकळ होती, आणि तिघांचाही गैरसमज माझ्यामुळे झाला होता. ती ओळ खोटी नव्हती, पण अर्धी होती. प्रयोगशाळेत बत्तीस वर्षे काढलेल्या बाईने तरी अशी अर्धी ओळ छापायला द्यायला नको होती. म्हणून संपादकांकडून या वेळी थोडी जास्त जागा मागून घेतली आहे.

पहिली गोष्ट आधी सांगते. सिकलसेल लागट नाही. एका ताटात जेवून, एका पांघरुणात झोपून, खोकल्यातून किंवा डास चावून तो कुणाला होत नाही. तो जन्माबरोबर येतो, आईवडील दोघांकडून मिळून. ताटे-वाट्या वेगळ्या ठेवलेल्या नाहीत आणि ठेवायच्याही नाहीत.

आता रक्ताविषयी. आपल्या तांबड्या पेशी गोल, मऊ, मध्ये किंचित खोलगट असतात. मऊ असल्यामुळे त्या केसापेक्षा बारीक वाहिनीतूनही अंग चोरून निघून जातात. त्यांच्यात हिमोग्लोबिन असते, ते प्राणवायू वाहून नेते. काही माणसांच्या हिमोग्लोबिनच्या साखळीत एकाच ठिकाणी, सहाव्या जागेवर, एक घटक बदललेला असतो. या हिमोग्लोबिनला ‘एस’ म्हणतात. साध्याला ‘ए’. प्राणवायू कमी झाला की ‘एस’चे कण एकमेकांना चिकटून लांब काड्या तयार होतात आणि पेशी ताणली जाऊन विळ्यासारखी वाकडी होते. वाकडी पेशी ताठ असते. ती बारीक वाहिनीत अडकते, मागच्या पेशी तिच्यावर अडकतात, आणि पुढच्या भागाला रक्त मिळेनासे होते. हाडे, छाती, पोट यांत ज्या असह्य कळा येतात, त्या या अडकण्यामुळे. शिवाय अशा पेशी लवकर मोडतात, म्हणून रक्तही कायम कमी. १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी या वाकड्या पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये त्या आढळल्याची नोंद झाली. आपल्या महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, मेळघाट आणि आपले पथक जिथे जाते तो नंदुरबार, या भागांत सिकलसेल बराच आहे. आदिवासींमध्ये आहे तसाच विदर्भातील इतर काही समाजांतही आहे.

जंगलाच्या मुलखातच तो का टिकला, यालाही कारण आहे. ज्याला एकाच पालकाकडून ‘एस’ मिळाला आहे, अशा मुलाला जिवावरचा मलेरिया झाला तरी त्याची वाचण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. जिथे शेकडो पिढ्या मलेरियात गेल्या, तिथे ‘एस’ बाळगणारी माणसे जास्त जगली. म्हणजे ज्याला आपण आज दोष म्हणतो, त्यानेच कित्येकांच्या पूर्वजांना वाचवले.

आपल्या वसतिगृहातील मुले बहुतेक पावरा आणि भिल्ल कुटुंबांतली, धडगावच्या डोंगरातल्या पाड्यांवरची. शिबिरात आम्ही त्यांची जी तपासणी केली तिला सोल्युबिलिटी टेस्ट म्हणतात. ती इतकी सोपी आहे की सांगायलाच हवी. छोट्या काचेच्या नळीत डायथायोनाइट घातलेले द्रावण घ्यायचे आणि बोटातून काढलेले रक्त अगदी थोडे त्यात मिसळायचे. पेशी फुटतात, हिमोग्लोबिन बाहेर येते, आणि हे रसायन त्यातला प्राणवायू काढून घेते. साधे हिमोग्लोबिन विरघळलेलेच राहते. ‘एस’ विरघळत नाही, द्रावण गढूळ होते. काही मिनिटांनी नळीच्या मागे छापलेला कागद धरायचा. अक्षरे दिसली तर निगेटिव्ह, गढूळपणामुळे दिसली नाहीत तर पॉझिटिव्ह. (आम्ही कागद म्हणून याच त्रैमासिकाचा एक जुना अंक वापरला. संपादकांनी राग मानू नये, टाइप अगदी योग्य आकाराचा आहे.)

ही तपासणी स्वस्त आहे, विजेशिवाय होते, शाळेच्या व्हरांड्यात एका सकाळी शंभर मुलांची करता येते. पण तिला एकच प्रश्न विचारता येतो : या रक्तात ‘एस’ आहे का? ‘आहे’ एवढेच तिचे उत्तर. किती आहे, ते तिला माहीत नाही. आणि सगळा फरक तर तिथेच आहे. एकाच पालकाकडून ‘एस’ मिळालेल्या माणसाला वाहक म्हणतात. त्याच्या रक्तात ‘ए’ जास्त आणि ‘एस’ कमी असतो. तो शेतात राबतो, डोंगर चढतो, म्हातारा होतो, आणि बहुधा त्याला कधी कळतही नाही. दोघांकडून ‘एस’ मिळालेला तो रुग्ण. दोघांच्याही नळ्या सारख्याच गढूळ होतात. आमच्या अकरा नळ्या गढूळ झाल्या होत्या, एवढाच त्या ओळीचा खरा अर्थ.

या अर्ध्या उत्तराने काय होते ते मी एकदा पाहिले आहे. खूप वर्षांपूर्वीची गोष्ट, नोकरीत नवीन होते तेव्हाची. भांडुपच्या बाजूला राहणारे, मूळचे विदर्भातले एक कुटुंब मुलीला घेऊन आले. मुलगी विशीची, लग्न ठरलेले. थकवा वाटतो म्हणून डॉक्टरांनी इतर तपासण्यांबरोबर सिकलिंगही लिहिले होते. त्यात रक्ताचा थेंब काचेवर हवाबंद करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात; प्रश्न तोच आणि उत्तरही तेवढेच. मला वाकड्या पेशी दिसल्या. मी ‘सिकलिंग : पॉझिटिव्ह’ असे लिहिले, सही घेतली आणि कागद तिच्या वडिलांच्या हातात दिला. खाली ‘वाहक की रुग्ण हे ठरवण्यासाठी पुढील तपासणी आवश्यक’ ही ओळ लिहायला हवी होती. लिहिली नाही. तो कागद नवऱ्याकडच्या मंडळींपर्यंत गेला आणि लग्न मोडले. दोन-अडीच वर्षांनी तिची आई दुसऱ्या कामासाठी आली तेव्हा मला हे कळले. मधल्या काळात कुणीतरी पुढची तपासणी करायला लावली होती. मुलगी नुसती वाहक होती. थकवा लोहाच्या कमतरतेचा होता, गोळ्यांनी गेला. आई मला दोष देत नव्हती. तिला वाटत होते, तो रिपोर्ट तेव्हा खरा होता आणि आता औषधाने बरे झाले. मी तिला समजावून सांगितले, पण आपली चूक झाली असे म्हणण्याचे धैर्य मला त्या दिवशी झाले नाही.

तर पुढची तपासणी. तिला एचपीएलसी म्हणतात. शिरेतून थोडे रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. हे यंत्र एका बारीक नळकांड्यातून रक्तातले वेगवेगळे हिमोग्लोबिन एकामागून एक सोडते आणि कोणते किती आले ते टक्क्यांत लिहून देते. रिपोर्टावर उंचसखल टेकड्यांसारखा आलेख असतो. त्याला घाबरू नका, शेजारचे आकडे बघा. ‘ए’ निम्म्याहून जास्त आणि ‘एस’ तीस-चाळीस टक्क्यांच्या आसपास असेल तर वाहक. ‘ए’ जवळजवळ नाहीच आणि ‘एस’च भरून राहिला असेल, सोबत ‘एफ’ म्हणजे बाळपणीचे हिमोग्लोबिन थोडेफार असेल, तर बहुधा रुग्ण. ‘बहुधा’ अशासाठी की, एका पालकाकडून ‘एस’ आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचा दोष आला तरी चित्र जवळपास असेच दिसते. म्हणून आईवडिलांचेही रक्त तपासतात.

आमच्या अकरा जणांचे दुसरे नमुने आम्ही बर्फाच्या डब्यात घालून रात्रीच्या गाडीने मुंबईला आणले. ज्यांचे हिमोग्लोबिन सातच्या खाली होते अशा दोन ‘निगेटिव्ह’ मुलांचेही आणले, कारण रक्त फारच कमी असेल तर गढूळपणा दिसण्याइतका ‘एस’ नळीत नसतो आणि तपासणी फसू शकते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळातही ती फसते, त्याच्या रक्तात तेव्हा बाळपणीचेच हिमोग्लोबिन जास्त असते. आणि ज्याला गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले आहे, त्याच्या नळीत दुसऱ्याच कुणाचे रक्त बोलत असते. ही शेवटची गोष्ट एचपीएलसीलाही लागू आहे, तेवढी लक्षात ठेवा.

निकाल असा. अकरांपैकी दहा वाहक. त्यांना आजार नाही, औषध नाही, वेगळे पथ्य नाही. त्यांनी पळावे, खेळावे. त्या दोन निगेटिव्ह मुलांत ‘एस’ निघाला नाही. त्यांचे लोह कमी होते.

अकरावी मुलगी रुग्ण आहे. नववीत शिकते. खेळाच्या तासाला झाडाखाली बसून राहते, थंडीत पाय दुखतात म्हणून रडते, पाणी भरायच्या वेळी नाहीशी होते, म्हणून ‘कामचुकार’ असे तिचे नाव पडले होते. घरी तिच्या दुखण्यावर अंगारेधुपारे झाले होते. दवाखान्यातही दर वेळी ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या. दोन्हीकडे कुणी वाईट हेतूने वागले नाही. पण ‘रक्त कमी’ हे रोगाचे नाव नव्हे. हिमोग्लोबिन आठ आले, की आठ का, हा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

हे फक्त डोंगरातले नाही. आपल्या मुलुंडमध्येही हेच घडते. मुलुंड कॉलनीत सिंधी कुटुंबे आहेत, पश्चिमेला कच्छी आणि लोहाणा वस्ती मोठी आहे. या समाजांमध्ये बीटा थॅलेसेमियाचे वाहक इतरांपेक्षा जास्त सापडतात. अशा वाहकाचे हिमोग्लोबिन थोडे कमी आणि पेशी लहान असतात. लोह कमी असले तरीही पेशी लहान होतात. म्हणून वरवर दोघांचे रिपोर्ट सारखेच, आणि वाहक बिचारा वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या खातो, हिमोग्लोबिन हलत नाही. नेहमीच्या सीबीसीतच एक खूण असते. पेशीचा आकार, म्हणजे एमसीव्ही, याला तांबड्या पेशींच्या दशलक्षांतल्या संख्येने भागायचे. उत्तर तेरापेक्षा कमी आले तर थॅलेसेमियाचा संशय घ्यावा, जास्त आले तर लोहाच्या कमतरतेचा. ही फक्त खूण आहे, निदान नाही. निदान एचपीएलसीत ‘ए-टू’ वाढलेला दिसला की होते, आणि लोहाचे खरे उत्तर फेरिटिन देते. तीन महिने गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन वाढले नसेल तर चौथ्या महिन्याच्या गोळ्या आणण्याआधी डॉक्टरांना हे विचारा. मात्र हे वाचून मुलांच्या शाळेतल्या लोहाच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. लोहाची कमतरता हाच आपल्याकडचा सर्वांत मोठा आजार आहे, आणि सिकलसेलच्या वाहकालाही ती होते.

अर्ध्या तपासणीवर न थांबण्याचे सर्वांत मोठे उदाहरण तर आपल्याच शहराच्या नावाने जगभर ओळखले जाते. मुलुंडहून धीम्या गाडीत बसून परळला उतरले की केईएम रुग्णालय. तिथे डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशी माणसे भेटली की ज्यांचा रक्तगट नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ येई, पण ‘ओ’ रक्ताशी त्यांचे रक्त जुळेना. १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि हा गट ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जाऊ लागला. ‘ओ’ गटाच्या पेशींवर ‘एच’ नावाचा पदार्थ असतो, या माणसांत तोही नसतो, आणि त्याच्याविरुद्धची द्रव्ये मात्र रक्तात असतात. ‘ओ’ समजून साधे ‘ओ’ रक्त चढवले तर जीव जाऊ शकतो. आपल्या देशात सुमारे दहा हजारांत एक असे यांचे प्रमाण धरतात. ते ओळखायला नवे यंत्र लागत नाही. पेशी तपासून झाल्या की उलट बाजूने, म्हणजे त्या माणसाचा सीरम ‘ओ’ पेशींबरोबर मिसळूनही बघायचे. एवढे दुसरे पाऊल. त्याच केईएमच्या आवारात १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झाले, ती आजची आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी. सिकलसेल आणि थॅलेसेमियावर तिथे फार मोठे काम झाले आहे आणि चंद्रपूरलाही तिचे केंद्र आहे.

परत आपल्या मुलांकडे. त्या दहा वाहकांना काही नाही म्हटले, पण त्यांना हे कळायला हवे, ते लग्नासाठी. एक जोडीदार वाहक आणि दुसरा साधा असेल तर एकही मूल रुग्ण होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता चारात एक. इथे लोक फसतात. चारात एक म्हणजे पहिले मूल आजारी झाले की पुढची तीन सुरक्षित, असे नाही. प्रत्येक वेळी चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात. म्हणून लग्नाआधी दोघांची तपासणी, आणि लग्न झालेच असेल तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगणे. आणि ‘दोघांची’ हा शब्द मी मुद्दाम लिहिते. पाड्यावर काय आणि मुलुंडमध्ये काय, मुलीचा रिपोर्ट मागतात, मुलाचा कुणी मागत नाही. आजारी मूल झाले की बोल आईलाच. ज्या आजाराला दोन्हीकडचा ‘एस’ लागतो, त्यात हा अन्याय तर आहेच, शिवाय शास्त्रही चूक आहे.

त्या मुलीचे आता काय? हा आजार मुळापासून काढण्याचा उपाय, म्हणजे अस्थिमज्जा रोपण, थोड्यांनाच शक्य होतो. पण सांभाळून जगता येते, आणि चांगले जगता येते. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध ‘एफ’ हिमोग्लोबिन वाढवते, त्यामुळे कळांचे झटके कमी होतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक काळाने सीबीसी करतच घ्यावे लागते. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातून तिला ते सुरू झाले आहे. सोबत रोज फॉलिक ॲसिड. बाकी गोष्टी साध्या आहेत : वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवायची आणि पीत राहायचे, थंडीत गरम कपडे, थंड पाण्याने आंघोळ नाही, धावण्याच्या शर्यती नाहीत, न्यूमोनियाची लस. ताप आला तर ‘उद्या बघू’ चालत नाही. छातीत दुखून धाप लागली, पोटात डावीकडे वर फुगून अंग एकदम पांढरे पडले, किंवा हातपाय, बोलणे अडखळले, तर त्याच क्षणी गाडी काढायची. हे सर्व मोठ्या अक्षरांत लिहून अधीक्षिकाबाईंच्या खोलीत लावले आहे. त्या बाईंनीच मागून घेतले. तिला कामचुकार म्हटल्याचे त्यांना फार लागले आहे.

ताईंनी दिलेल्या पाकिटाचा हिशेबही देते. औषधे सरकारी दवाखान्यात मिळतात, त्यांना पैसे लागले नाहीत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची सिकलसेल तपासणी करण्याचे आणि २०४७ पर्यंत हा आजार हटवण्याचे ठरले आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही सिकलसेलचा समावेश आहे. त्या दाखल्यासाठी तिचे कागद आम्ही जमवत आहोत. पैसा लागतो तो प्रवासाला. पाड्यावरून जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे म्हणजे वडिलांची दोन दिवसांची मजुरी बुडते आणि जीपचे भाडे वेगळे. ताईंच्या पाकिटातून तिच्या आईवडिलांना आणि दोन धाकट्या भावांना तपासणीसाठी खाली आणले. आईवडील दोघेही वाहक निघाले. भावांपैकी थोरला साधा आहे, धाकट्याचा रिपोर्ट हे लिहीपर्यंत आलेला नाही.

आणखी एक. तुमच्यापैकी कित्येकजण फाटकात मला मोबाइलवर रिपोर्टाचा फोटो दाखवता, त्यात अर्धे आकडे कापलेले असतात. यापुढे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर मी सभागृहात खिडकीजवळच्या टेबलाशी बसेन. मी डॉक्टर नाही, औषध सांगणार नाही. डॉक्टरांना कोणता प्रश्न विचारायचा तेवढे सांगेन. येताना मूळ कागद आणा, जुनेही आणा, आणि कधी रक्त चढवले असेल तर त्याची तारीख लिहून आणा.